स्टराईल की इन्फर्टाईल

टेम्पोची फळी खाली टाकलेली होती आणि गाय काही चढायला तयार नव्हती. मुखेडच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर हे नेहमीचंच. मी इथली डॉक्टर. बाजारात न्यायच्या जनावराला माझा तब्येतीचा दाखला लागतो.

गाय देवणी जातीची. अंग पांढरं, तोंड काळं. दावं धरून सून उभी होती, संगीता. तिच्या वडिलांनी लग्नात देवणीहून ही कालवड पाठवली होती. विकायला निघाले होते सासरे, शेषराव.

"काका, एवढी देखणी गाय का विकताय?"

"लई येळा भरवली, मॅडम. दर बारीला उलटती. गावात येणारा डॉक्टर म्हणला, स्टराईल हाय. वांझ."

उलटणं म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणं, पुन्हा माजावर येणं. आता, जी गाय वेळच्या वेळी माजावर येते, तिला न तपासता स्टराईल म्हणणाऱ्याचा मला संतापच आला. स्टराईल म्हणजे कधीच गाभण राहणार नाही, विषय संपला. इन्फर्टाईल म्हणजे सध्या राहत नाही. कारण शोधा, उपचार करा. आपण दोघींना 'वांझ' हा एकच शब्द लावून मोकळे होतो.

गाय खोड्यात घेतली, हातमोजा चढवला. गर्भाशय, अंडाशय हाताला ठीक लागले. योगायोगाने गाय माजावरच होती. माजावरच्या गाईचा सोट, म्हणजे चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. हिचा ताकासारखा गढूळ होता.

"काका, पिशवीत इन्फेक्शन आहे. ही स्टराईल नाही, इन्फर्टाईल आहे. दाखला मिळणार नाही."

"न्हाई कसा? टेम्पो भाड्यानं आणलाय!"

"आजारी जनावराला दाखला नसतो. आधी उपचार होऊ द्या."

शेषराव टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत राहिले. तेवढ्यात संगीताने गाईचं तोंड घराकडे वळवलंसुद्धा.

पिशवीत औषध सोडलं, तो माज वाया जाऊ दिला. पुढच्या माजाला सोट स्वच्छ आला, तेव्हा भरवलं. त्यानंतर गाय उलटली नाही. काही आठवड्यांनी सासरे-सून दोघं तिला तपासणीला घेऊन आले.

"गाभण आहे," मी म्हणाले.

संगीता गाईच्या मानेला बिलगून रडायला लागली. मलाही भरून आलं, पण हातमोजा घालून डोळे पुसता येत नाहीत.

ती गाईला पाणी दाखवायला हौदाकडे गेली, तसे शेषराव जवळ सरकले.

"मॅडम, एक इचारू? आमच्या घरात सुनंलाबी तोच शबुद लावत्यात."

"कोण लावतं?"

"आमीच की." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "माणसातबी असतं का हो ते दुसरं? इन्फर्टाईल?"

"असतं ना. बायांत असतं, पुरुषांतही असतं. लातूरला दोघांना घेऊन जा. आणि आधी मुलाला तपासा, ते सोपं असतं."

ते चपापले. मग हौदाकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, सोमवारी लातूरला जायाचं हाय. त्यालाबी सांग, दोघं चला."

संगीताने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हाव मामा," म्हणाली आणि गाय घेऊन त्यांच्या पुढे निघाली. येताना ती मागे चालत होती.

लातूरला काय निघालं, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या खात्यापुरतं एवढंच सांगते: स्टराईल हा शब्द तोंडातून काढण्याआधी हातमोजा घालावा.