नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकोणीस

नववीत आमच्या वर्गात दापोड्याची एक मुलगी आली आणि माझ्या तोंडची चव गेली. तोवर गणितात पहिली मीच. सरांनी अवघड काही विचारलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा, तो आता तिच्याकडे बघू लागला. तिच्या बापाच्या शेतावर गोदामं उभी राहिली होती, तिच्याकडे नवंकोरं दप्तर होतं, ते सगळं मी सोसलं असतं. पण गणित माझं होतं.

ठाण्याच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकीलाच पाठवायचं होतं. एका शनिवारी सरांनी फळ्यावर ९,९९,९१९ लिहिलं आणि विचारलं, ही मूळ संख्या आहे, की हिला कशाने भाग जातो? सोमवारी जिचं उत्तर बरोबर, ती ठाण्याला जाणार.

हिचं वर्गमूळ हजाराच्या आत. म्हणजे हजाराखालच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. त्या एकशे अडुसष्ट. कामतघरच्या आमच्या खोलीत, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात, मी रविवारभर भागत बसले. दर वेळी बाकी उरायचीच. ९८३ ने भागून झालं तेव्हा आईने पाव आणायला धामणकर नाक्यावर पिटाळलं. तिथे शेअर रिक्षाच्या रांगेत ती दापोड्याची मुलगी उभी. मी न विचारताच म्हणाली, तिचं सकाळीच झालं, चहा पिता पिता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आले तेव्हा दोनच भागाकार उरले होते. आता कसला भाग जातोय, म्हणून ठोकून दिलं, मूळ संख्या. माझे बाबा कारखान्यात कापड तपासायचे. ताक्याचं शेवटचं टोक पाहिल्याशिवाय ते शिक्का मारत नसत. मी मारला.

सोमवारी सरांनी नेहमीसारख्या वह्या अदलाबदल करून तपासायला दिल्या. माझी नेमकी तिच्याकडे गेली. मग सरांनी बोलावल्यावर तिने फळ्यावर एक मोठा चौरस काढला.

"ह्यो हजार बाय हजारचा प्लॉट हाय. कोपऱ्यातला नऊ बाय नऊचा तुकडा रस्त्यात गेला. आता वरची नऊची पट्टी कापून बाजूला लावली, का झाला सरळ आयत. ९९१ गुणिले १००९."

दहा लाखांतून एक्याऐंशी गेले की तीच संख्या. कोपरा गेलेली जमीन तिने घरचीच पाहिली असणार. पण कापलेलं कापड मीही रोज पाहत होते. मग मला का नाही सुचलं?

वही परत आली. तिच्यात ९८३ च्या खाली तिने पेन्सिलीने पुढचा भागाकार मांडला होता, ९९१ चा. बाकी शून्य. वर्गात ती याबद्दल चकार शब्द बोलली नाही. वही देताना फक्त मला ऐकू जाईल इतकंच म्हणाली, "एकच राह्यला व्हता तुझा."

त्यापेक्षा तिने मला हसायला हवं होतं.

ती ठाण्याला गेली. मी त्या संध्याकाळी तिचा भागाकार खोडला, माझं उत्तरही खोडलं, आणि तोच भागाकार त्याच जागी माझ्या अक्षरात लिहिला. बाबांनी वही मागितली तेव्हा तेच पान उघडून दिलं.