रांगोळीखालची ओळ

आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला आहेत आणि सुट्टीच्या दिवशी रांगोळ्या काढतात. उकिडवे बसून, चहाच्या गाळणीतून रंग चाळत. चित्रात दरवेळी त्यांची सात वर्षांची मुलगीच असते आणि खाली ओळ असते, ‘मला ऑटिझम आहे. मी हट्टी नाही.’ बोलताना ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लक्षात येतंय ना?" जोडतात. मला तर त्याचा वैतागच यायचा.

पाडव्याला त्यांनी गोदाघाटावर तिचा भलामोठा चेहरा काढला. बघ्यांची गर्दी जमली. "डोळे काय जिवंत काढलेत हो!" एक बाई मोबाइलवर फोटो घेत म्हणाल्या.

तेवढ्यात ढोल सुरू झाले. मुलगी कान दाबून किंचाळली, आईचा हात झटकून रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीखालून आत घुसली आणि पलीकडे उभ्या असलेल्या बाबांकडे थेट रांगोळीवरूनच धावत सुटली. गाल, डोळे, सगळं फिसकटलं.

"अरे, धरा तिला! काही वळण आहे की नाही?" त्याच बाई ओरडल्या. मागून आणखी चार जण ओरडले.

मी तिच्या बाबांच्या शेजारीच उभा होतो. वाटलं, आता हा माणूस खालच्या ओळीकडे बोट दाखवणार, या सगळ्यांना चांगलं सुनावणार. त्यांनी मुलीला उचललं, तिचं डोकं खांद्यात दाबलं आणि मोकळा हात छातीशी नेत गर्दीपुढे मान लववली.

"माफ करा हं," ते म्हणाले, "जरा हट्टी आहे."

या वेळी शेवटी "लक्षात येतंय ना?" जोडलं नाही.