बस्ता सुरू असताना उठायचं नाही

हिंगोलीच्या एका कापड दुकानात मी नऊ वर्षं साड्या दाखवतेय. लग्नाचा बस्ता म्हणजे वीस माणसं, पाच तास आणि एक मी. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, शिवाय दोन्हीकडच्या रुसलेल्या मावश्या. गिऱ्हाईक गादीवर बसलं की दाखवणाऱ्या बाईनं उठायचं नाही आणि तोंडावरचं हसू उतरू द्यायचं नाही, हा मालकांचा नियम. बाई उठली की बस्ता मोडतो म्हणे. पुरुष नोकर मात्र दर तासाला दुकानामागच्या भिंतीकडे जाऊन यायचे. त्यानं एकही बस्ता मोडल्याचं मला आठवत नाही.

बायकांची सोय थेट बसस्टँडवर. म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. ऐन उन्हाळ्यातल्या लग्नसराईत आधी लघवीला आग, मग कंबर, मग थंडी वाजून ताप.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. सांगताना तोंड सवयीनं हसरं झालं असणार, कारण 'किरकोळ आहे' म्हणत त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. चौथ्या दिवशी मला उभं राहवेना. तेव्हा सासूबाई सोबत आल्या. म्हणाल्या, "साहेब, हिच्या हसण्यावर जाऊ नका. ते दुकानाचं हाय."

मग डॉक्टरांनी पाठीवर दाबून पाहिलं आणि मी किंचाळले. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. आठवडाभर सलाइन. पुन्हा असं केलंत तर मूत्रपिंड निकामी होईल, म्हणाले. मी घाबरले, आणि स्वतःचा भयंकर रागही आला. साडीतला तुटका धागा मला लांबून दिसतो, स्वतःचं दुखणं मात्र दिसलं नाही.

कामावर परतले त्याच दिवशी आखाडा बाळापूरचा बस्ता होता. मी आधीच तांब्याभर पाणी प्याले होते. तिसऱ्या तासाला कळ आली. हातातला शालू गादीवर ठेवला आणि उठले. मी हसत नव्हते, तेच बघून मालक दचकले.

"काहून ताई, काही चुकलं का आमचं?" नवरीच्या मामानं विचारलं.

"न्हाई. लघवीला चालले. बसस्टँडवर."

मामा पंख्याकडे बघायला लागला. बस्ता गेला आणि नोकरीही गेली, असं मी धरून चालले. तेवढ्यात नवरीची आई पदर सावरत उठली.

"थांब माय, मीबी येते. सकाळपासून धरून बसले."

तिच्यामागोमाग नवरीही उठली.