गुणी बाळ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी वस्ती 'रडवी' म्हणते, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या की त्या आधी हात धुतात, मग बाळाच्या तळपायाला टिचकी मारतात. बाळ भोकाड पसरतं, आज्या शिव्या घालतात आणि जाऊबाईंचा चेहरा खुलतो. मी एकदा त्यांना म्हटलंसुद्धा, "मागच्या जन्मी तुम्ही गिरणीचा भोंगा असणार."

आरोग्य केंद्रात लागण्याआधी त्या गिरणीतच होत्या, धाग्याच्या खात्यात. त्यांचं पहिलं मूल फार शांत होतं. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि त्या कौतुकातच ते गेलं. माझी जीभ कितीही तिखट असली, तरी तो विषय मी कधी काढत नाही.

त्या दिवशी वजनकाटा उचलायला मी सोबत होते. गिरणीमागच्या इमारतीत सगळे रात्रपाळीवाले. दिवसा झोपायचं म्हणून खिडक्यांना चादरी ठोकलेल्या, आणि भिंती अशा की पलीकडच्याने कूस बदललेली कळावी. पोर रडलं की भिंतीवर बुक्के बसतात. तक्रारी वाढल्या की मालक खोली रिकामी करायला सांगतो. भर दुपारी इमारत माणसांनी भरलेली आणि आवाज म्हणून नाही. मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

वरच्या मजल्यावर आजीने दार किलकिलं केलं. "आमचं झोपलंय. फार गुणी आहे हो! कालपासून हूं की चूं नाही."

"दूध घेतं का?" जाऊबाईंनी विचारलं.

"उठलं तर घेईल ना!"

जाऊबाई तिला बाजूला सारून आत गेल्या. सून भिंतीला टेकून बसली होती. दूध साठून तिची छाती दगड झाली होती. जाऊबाईंनी बाळाला टिचकी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. पाय भिजवलेल्या कणकेसारखा लोंबत राहिला. जाऊबाई वाकून श्वास बघत होत्या. एक श्वास आला, पण दुसऱ्याची वाट पाहावी लागली.

"काय दिलंत याला?"

"काही नाही. आईचं दूध, दुसरं काय!"

"आजी, खरं सांगा."

"शप्पथ, काही नाही दिलं!"

जाऊबाईंनी बाळाला सुनेच्या उघड्या छातीशी धरलं, वरून दोघांना चादर गुंडाळली आणि केंद्राची गाडी बोलावली. आम्ही निघालो, तर म्हातारी हात पसरून दारात उभी. "हळू गं बायांनो, लोक झोपलेत."

तेव्हा माझं डोकं फिरलं. हातातला वजनकाटा मी सरळ जिन्यावरून खाली सोडून दिला. तो दणादण आपटत तळाला गेला. दारं उघडली, मजल्यामजल्यावरून शिव्या आल्या. "उठा!" मी ओरडले. "उठा सगळे!" म्हातारीने हात खाली घेतले आणि आमच्या मागून गाडीत येऊन बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पापण्या उघडून पाहिल्या. "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. कुणीतरी गुंगीचं औषध दिलंय याला."

आजी बाकावर बसली, म्हणजे बसलीच. "थोडेच थेंब दिले हो," ती म्हणाली. "पोटदुखीचे म्हणून दुकानात मिळतात. मालक खोली काढून घेणार होता. एवढंसं पोर घेऊन कुठे गेलो असतो आम्ही?"

मला तिचा गळा धरायचा होता आणि धरवतही नव्हता.

बाळाला आत नेऊन इंजेक्शन दिलं. आम्ही दाराबाहेर उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, घोगरा आणि चिडलेला. सून मटकन खालीच बसली. "शहाणं माझं बाळ म्हणून रात्रभर पापे घेत होते हो मी त्याचे," म्हणत ती हमसून रडायला लागली. मलाही रडू आवरेना.

आता जाऊबाईंचा चेहरा खुलेल म्हणून मी वळून पाहिलं. तो खुलला नव्हता. त्या म्हातारीसमोर उकिडव्या बसल्या होत्या.

"ती बाटली कुठंय?"

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आजी, घरात आहे का?"

"नाही. पलीकडच्या खोलीतली बाई मागून घेऊन गेली. तिचं पोर फार रडत होतं."

"कधी नेली?"

"सकाळी."

सकाळी. म्हणजे आम्ही तो जिना चढलो त्याच्याही आधी. मी हे जाऊबाईंना म्हणेपर्यंत त्या दाराबाहेर पळत सुटल्या होत्या.