देवळाबाहेरची गवतवाली

माझं अक्षर किरटं आहे, लिहिताना चुकाही होतात, सांभाळून घ्या. चौथीपर्यंतच शिकले. पण जोगेश्वरीला देवळाबाहेर गाय आणि विकायच्या गवताच्या पेंढ्या घेऊन बसणाऱ्या मावशींबद्दल लिहावंसं वाटलं. त्यांचं नाव विचारायची मला लाज वाटली.

मुलीचे दोन ससे दुकानातून आणलेल्या सुक्या गवताला तोंड लावत नव्हते. गवत चावलं नाही तर दात वाढतील आणि खाणंच बंद होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी मावशींकडे हळूच गवत मागितलं. त्यांनी एक काडी मोडून हुंगली, मग माझ्या नाकाखाली धरली.

“कुबट वास आला तर गायपण खात नाही. गाजर देतेस?”

“रोज, मावशी. बिस्किटपण.”

“मग वडापाव पण दे ना! पोट भरल्यावर गवत कोण खाईल? लाड कमी कर. हगायला बसतात ना, तिथेच गवत ठेव. बसल्या बसल्या चघळतील. पैसे आता नको, खाल्लं तर दे.”

मी तसंच केलं. चौथ्या दिवशी त्यांच्या हगायच्या कोपऱ्यातून करकर आवाज आला. दोघंही गवत खात होते. मी तशीच देवळाकडे पळाले.

“मावशी, खाल्लं!” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की गायीने मान वर केली. मग मात्र लाजले, आणि त्यांच्या हातावर गवताचे पूर्ण पैसे ठेवले.