आग्लाइयाचा अर्धा चेहरा

सोसिकाचा दिवस भट्टी पेटण्याआधी सुरू व्हायचा. अंधारात सरोवरावर जायची, वाळू आणायची, फडक्यातून गाळायची. मी कारखान्यात येईपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत ओले असायचे.

ग्रीकांच्या ऑर्खोमेनोस गावात मी आयुष्यभर कासं ओतलं. मूर्ती साच्यातून निघते ती काळी, खरखरीत. तिला उजळवते घासणारी. तेजाची देवी आग्लाइया, आमच्या लंगड्या लोहारदेवाची बायको. तिच्याशिवाय ओताऱ्याचं काम म्हणजे नुसता धूर, असं आम्ही म्हणतो. लोक मात्र दगडावर कोरलेलं नाव वाचतात. घासणारीचं नाव कोण कोरतो?

सोसिका गुलाम होती. मालक काफिसियास तिला माझ्याकडे कामाला धाडायचा. मजुरी तोच घ्यायचा, हातावर थोडं ठेवायचा. ते ती मडक्यात टाकायची. आधी स्वतःला सोडवायचं, मग मुलीला, मेलिन्नाला.

त्या वर्षी आग्लाइया आणि तिच्या दोघी बहिणींच्या सणाला काफिसियासनं माझ्याकडे आग्लाइयाची मूर्ती करायला सांगितली. सोसिकाला म्हणाला, "नीट उजळव. सणाआधी तुला देवळात मोकळी करतो."

देवळात साक्षीला मी होतो. पुजाऱ्यानं वाचलं : सोसिका मोकळी, मात्र मालक जिवंत असेतो त्याच्या घरी राहील, सांगेल ते करील. काफिसियास तिच्या निम्म्या वयाचा, बैलासारखा धडधाकट. असं मोकळं करणं आमच्याकडे सर्रास चालतं, आणि वर त्याला पुण्य म्हणतात.

सोसिकानं सुटकेसाठी पुढं केलेलं पैशाचं मडकं परत काखेत मारलं आणि कारखान्यात येऊन बसली. देवीचा एक गाल झळाळत होता, दुसरा काळा होता. तिनं घासायच्या कातड्याला हात लावला नाही.

दुपारी काफिसियास आला. "हात का थांबलाय गं?"

"दुखतोय, मालक."

"चाबकानं दुखणं पळतं."

"मारा की. सुजल्या हाताला वाळूतला खडा कळत नाही. गालावर ओरखडा उठेल, आणि खाली नाव तुमचं आहे."

तो माझ्याकडे वळला. "तू घास रे."

"ज्या हातानं देवीचं तोंड सुरू केलं त्यानंच संपवायचं," मी म्हणालो. "माझा हात लागला तर या मूर्तीपुढं कुत्रंसुद्धा उभं राहणार नाही. गावाला कळल्याशिवाय राहायचं नाही, मीच सांगेन."

सण तोंडावर होता. बासरीवाले गावात उतरले होते. तो दात खात म्हणाला, "काय पाहिजे तुला?"

"मेलिन्ना. तिला अट नको. मडकं हे घ्या."

"आणि तू?"

"मी कुठं जाते? तुमची शिळी भाकरी खायला कोणी पाहिजेच."

पुजाऱ्यानं नवे शब्द वाचले. मेलिन्ना लेबादेया गावाला जाणाऱ्या गाडीत बसली. गाडी वेशीबाहेर गेल्यावर सोसिकानं कातडं भिजवलं.

सणात सगळ्यांनी काफिसियासची पाठ थोपटली. म्हणे, काय तेज आणलंय. मी तिथून निघून आलो. सोसिका त्याच्याच घरात मेली, त्याच्या आधी. तिची बोटं शेवटी मिटत नव्हती.

मेलिन्ना लेबादेयात लोकरीचं कापड विणते. मागं गेलो तेव्हा एक व्यापारी दारात बसून तिच्या कापडाचा भाव पाडत होता, वर तिच्या आईचं गुलामपण काढत होता. तिनं कापड त्याच्या मांडीवरून ओढून घेतलं, त्याला उठवलं आणि दार लावलं. सोसिकाच्या मजुरीनं विकत घेतलं ते हे.