पोखऱ्याकाठचे नरकट

लेखन हा माझा प्रांत नव्हे. बँकेतून निवृत्त झाल्यावर प्रथमच काही लिहावयास बसलो आहे, आणि तेही वसुमावशींविषयी, ज्यांना माझ्याहून अधिक जाणणारी माणसे काशीत आहेत. या आगळिकीबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ती माणसे लिहिणार नाहीत, एवढेच माझे समर्थन.

मावशी मंगला गौरीच्या गल्लीत आमच्या समोर राहत. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कुठलेही पाणी पिण्यापूर्वी त्या हुंगत. लग्नाच्या पंगतीतही पेला नाकाशी जाई आणि यजमानीणबाईंचा चेहरा उतरे.

‘वसू, पाणी आहे ते, अत्तर नाही,’ माझी आई म्हणे.

‘आधी नाकाला विचारावं गं. जीभ भिडेला पडते,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर.

शहराबाहेरच्या एका गावात रामसूरत नावाचा गृहस्थ टाक्यांत मासे पाळी. त्यांची विष्ठा आणि कुजलेले खाद्य मिसळलेले पाणी नालीवाटे गावच्या पोखऱ्यात, म्हणजे तळ्यात, उतरे. पोखरा हिरवा पडला. म्हशीही तोंड लावीनात. गावकरी नाली बुजवण्याची भाषा करू लागले, आणि नाली बुजली की रामसूरतचा धंदा बुडणार हे उघड होते. तेव्हा मावशींनी पोखऱ्याच्या काठाशी रुंद, उथळ चर खणवून खडी भरली आणि तीत नरकट लावले. नरकट म्हणजे बोरूसारखे उंच, पाणथळ गवत. टाक्यांचे पाणी त्याच्या मुळांतून झिरपत पुढे जाऊ लागले.

‘मासे खात नाहीस, आणि त्यांची घाण धुतेस!’ आईचा टोमणा.

‘धुतं ते नरकट. मी नुसती लगबग करते.’

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पोखरा निवळला. मावशींनी ओंजळ हुंगली आणि माझ्यापुढे धरली. वास नव्हता.

पाणी निवळले म्हणूनच घात झाला. एरवी गंगेवर जाणाऱ्या गावच्या बायकांनी त्या वर्षी छठ, म्हणजे दिवाळीनंतरचे सूर्याला अर्घ्य देण्याचे व्रत, आपल्याच पोखऱ्यावर करायची ठरवली. छठीपूर्वी काठ झाडून साफ करण्याची रीत आहे. रामसूरत मासे घेऊन बाजारात गेलेला. तेवढ्यात तरुणांनी, रान माजले आहे असे समजून, भक्तिभावाने सारे नरकट मुळासकट उपटले. उपाशी बायकांचे पाय घसरू नयेत म्हणून खडीही उतरणीवर पसरली.

संध्याकाळच्या अर्घ्याला आम्ही पोहोचलो. बायका कमरभर पाण्यात सूप घेऊन उभ्या होत्या. एक वृद्धा हसून मावशींना म्हणाली, ‘बहिनजी, आप ही के किरपा से पोखरा साफ भयल. देखीं, लइकन सारा झाड़-झंखाड़ उखाड़ देहलन!’

मावशी हात जोडून उभ्या राहिल्या. परतताना मी चिडून विचारले, ‘सांगितलं का नाही?’

‘लेकरांसाठी निर्जळी व्रत आहे रे, मधू. त्यात चूक झाली असं कळलं, आणि पुढे एखाद्या पोराला नुसता ताप आला, तरी ती बाई जन्मभर स्वतःला खाईल. रामसूरतकडूनही आत्ताच गप्प राहण्याचं वचन घेतलंय. चुपचाप पुन्हा लावू.’

लावले. पण थंडीत मुळे धरेनात. सत्तरी उलटलेल्या मावशी चिखलात गुडघे टेकून रोपे उभी करीत आणि ती काळवंडून आडवी होत. पोखरा पुन्हा नासला. ‘बहिनजी का जुगाड़ फेल,’ म्हणून गाव आधी हसले, मग संतापले. माघात नाली बुजवली गेली. घाण पाणी टाक्यांतच साचले आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. नंतर उलटे तरंगू लागले.

रामसूरत बांधावर बसला होता. मावशी त्याच्याशेजारी बसल्या. ‘मुझे गाली दे लो, भैया. उन औरतों से कुछ मत कहना.’

त्याने शिवी दिली नाही. तेच त्यांना अधिक लागले. होळीपूर्वी न्यूमोनियाने त्या गेल्या.

आता टाक्या कोरड्या आहेत आणि रामसूरत मजुरीसाठी लुधियानाला निघाला आहे. खरे कळले तर गाव पुन्हा नरकट लावू देईल, अशी त्याला आशा आहे. पण तो वचनाने बांधलेला आहे. मी नाही. मात्र त्या हसऱ्या वृद्धेचा नातू या उन्हाळ्यात तापाने गेला.

मी जाऊन सांगावे का?